केबिन घुमते, उपाय काय?

घरी बनवलेल्या ट्रॅक्टर केबिनचा आवाज कसा कमी करायचा, यावर कट्ट्यावर जुंपली. बापूंचं म्हणणं एकच: छताला आतून जाड फोम चिकटवा, विषय संपला.

"फोम आत घुमणारा आवाज शोषतो, बाहेरून येणारा अडवत नाही," अण्णा म्हणाले. "घुमतो तो पत्रा. त्याला 2 मिमी ब्युटाइल शीट, म्हणजे चिकट रबरी पट्टा, लावा, पत्र्याच्या मधोमध. निम्मा भाग झाकला तरी पुरतो. आधी तेल-गंज साफ करायचा आणि शीट रोलरने दाबून बसवायची, नाहीतर उन्हात सुटते. बोटाने ठोकल्यावर टणटण जाऊन ठप्प आवाज आला, की समजा बसली."

दादा वेल्डिंगवाला. त्याला हे उलटं वाटलं. "पत्रा थरथरतो कशानं ते आधी बघा. तीन सिलिंडरचं इंजिन 2,000 आरपीएमला सेकंदाला 50 धक्के देतं. केबिन चासीला थेट कसली असेल तर ते सगळे पत्र्यात उतरतात. चारही कोपऱ्यांखाली रबर माउंट, म्हणजे धक्का गिळणाऱ्या रबरी गाद्या, हवेत, आणि वजन पडल्यावर ते 5-6 मिमी तरी दबायला हवेत. मग केबिनची स्वतःची हेलकावणी सेकंदाला 6-7 वर राहते, 50 पासून लांब, म्हणून ते धक्के वर फारसे पोचत नाहीत."

"माउंट टाकूनही काही केबिन तशाच घुमतात," बापू.

"बोल्ट बघा! वॉशर थेट लोखंडावर टेकला असेल तर माउंट असून नसल्यासारखा. बोल्ट ज्या नळीतून जातो तिच्याभोवती रबर हवं, खालच्या बाजूलाही हवं. आणि खाली मोठा जाड वॉशर टाकाच, म्हणजे रबर फाटलं तरी केबिन सुटणार नाही. प्रत्येक कोपऱ्यावर किती वजन येतं ते मोजून माउंट घ्यायचा, चारही सारखे नाही. पलटी झाल्यावर जीव वाचवणाऱ्या फ्रेमला मात्र भोक नाही, वेल्डही नाही."

अण्णा ऐकेनात. "आणि भोकांचं काय? एक टक्का जागा उघडी राहिली, तर भिंत कितीही जाड करा, आवाज 20 डेसिबलपेक्षा जास्त कमी होत नाही. गिअरच्या दांड्यांना रबरी बूट, वायरिंगच्या भोकांना ग्रोमेट, म्हणजे रबरी कडी, पेडलच्या फटींना रबरी पडदा. रात्री आत दिवा लावून बाहेरून बघा, फट आपोआप दिसते."

"सगळं बुजवलं तर माणूस आत उकडेल," बापू.

"म्हणून फिल्टर लावलेला ब्लोअर छतावर, हवा आत ढकलणारा," अण्णा म्हणाले. " आत दाब किंचित जास्त राहिला की धूळ फटीतून आत येत नाही. हवा बाहेर ओढणारा पंखा लावला तर उलट धूळ आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. तो धूर जीवघेणा असतो. ब्लोअरचं तोंडही सायलेन्सरपासून लांब ठेवायचं."

"मग फोम कधी?" बापूंनी पुन्हा विचारलं.

"शेवटी," दादा म्हणाला. "छताला, तोही आग न धरणारा. खाली फरशीला साधा फोम नको, डिझेल आणि पाणी पितो. तिथे बंद छिद्रांच्या फोमचा 10 मिमी थर आणि वर जड रबरी मॅट. पण मॅट टाकल्यावर क्लच पूर्ण दाबला जातो का, ते तपासा. अर्धवट दाबला गेला तर गिअर घासून पडतात."

बापू मॅटच्या जाडीवर पुन्हा वाद घालू लागले.