आमचे गुरुजी तर चिडले नाहीत!
श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला बायबलच्या अर्थाबद्दल खोदून विचारलं की तो चिडतो, हे लेखातलं वाक्य पटलं नाही. दारव्ह्याकडच्या आमच्या गावात शेजारी निवृत्त गुरुजी आहेत, रविवारची प्रार्थना न चुकवणारे. बायबलातल्या मत्तयच्या १३व्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला पेरणारा वाटेवर, खडकावर, काट्यांतही बी टाकतो. मी म्हटलं, गुरुजी, आजच्या बियाण्याच्या भावात हा शेतकरी येडाच! ते हसले. "अरे बाप्पा, तो काय तिफणीनं पेरते? हातानं फोकते. मंग धुऱ्यावर दोन दाणे उडतीनच!" इतकं साधं, अन् शेतकरी असून मला सुचलं नव्हतं.

अडले ते दुसरीकडे. येशूचा प्रेषित पौल यानं करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात बायांनी मंडळीत गप्प राहावं असं आहे, आणि ११व्यात त्याच बाया प्रार्थना करतात, संदेश देतात. म्हणाले, पौलानं ते त्या मंडळीतल्या गोंधळापुरतं लिहिलं. मग कोणतं वचन तेवढ्यापुरतं आणि कोणतं कायमचं, हे ठरवणार कोण? लेखकानं खरं तर हे विचारायला हवं होतं. गुरुजी म्हणतात, सोयाबीन निघालं की बसू.