खाडीत गेले म्हणजे संपले नाही

शौचालयांच्या टाक्यांतील मैला उपसून त्यावर प्रक्रिया करणारे एक लहानसे केंद्र उभारावे, असा आमच्या ग्रामपंचायतीचा प्रस्ताव होता. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची चर्चा सुरू झाली आणि दोन दिवसांत तो बारगळलाही. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो सगळे धुऊन नेतो आणि दाभोळच्या खाडीत गेले ते संपले, असे विरोध करणाऱ्यांचे म्हणणे. मी नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमधून, मैल्यातून पसरणाऱ्या आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंविषयी चार ओळी लिहिल्या, तेव्हा चुलतभावाचे उत्तर आले, ‘दादा, हे गोऱ्यांचे खूळ आहे. जंतूला दिल्लीचे नाव देऊन आपल्याला बदनाम केले, तेच हे.’

त्या नावाचा राग मलाही आहे. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या शरीरातील जंतूत २००८ साली प्रतिजैविके निकामी करणारे एक विकर (एन्झाइम) सापडले आणि त्याला एनडीएम-१ म्हटले गेले; त्यातील ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली. एका शहराच्या माथी असा डाग मारायला नको होता. परंतु नाव चुकले म्हणून पाणी शुद्ध ठरत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिल्लीतील रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत ते विकर तयार करणारे जनुक मिळाले.

जंतूंना प्रतिजैविकांपासून वाचवणारी, म्हणजे प्रतिकाराची जनुके ६० देशांच्या सांडपाण्यात किती आहेत, याची तुलना २०१९ साली प्रसिद्ध झाली. प्रतिजैविके किती खपतात, एवढ्यावरून देशादेशांतील फरक उलगडेना. स्वच्छतेची व्यवस्था, आरोग्य आणि राहणीमान यांच्याशी त्याचा संबंध अधिक घट्ट निघाला. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण औषधाच्या दुकानाला दोष देऊन आपण मोकळे होतो आणि मैला पुढे कोठे जातो हे पाहत नाही. जंतू आपली प्रतिकाराची जनुके शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जंतूलाही देतात, आणि त्यासाठी मैल्याच्या पाण्यासारखी सोयीची जागा नाही.

ग्रुपवरचा दुसरा पक्ष सगळे खापर लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांवर फोडतो. खाडीतील मच्छीमारांची तक्रार जुनी आहे आणि ती खरीच मानली पाहिजे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूत औषध कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात, लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले होते. तेवढे औषध रुग्णाच्या रक्तातही नसते. रासायनिक सांडपाण्यातील जड धातूंमुळेही प्रतिकारक्षम जंतूंचेच फावते. तरीही उद्या सगळे कारखाने थांबले, तरी आमच्या घरामागचा शोषखड्डा राहणारच. तो विहिरीपासून पंचवीस पावलांवर आहे आणि मध्ये सगळा जांभा आहे. जांभ्याला भोके आणि भेगा असतात, त्यामुळे पाणी गाळले न जाता वाट काढत जाते. जुलैत विहीर काठोकाठ भरते आणि पाणी लालसर होते. गणपतीत चाकरमानी आले की चार माणसांचे घर बावीस माणसांचे होते. पाऊस धुऊन नेतो हे खरे, पण नेतो कोठे, हा प्रश्न ग्रुपवर कोणी विचारला नाही.

गेल्या जूनमध्ये आईला लघवीचा संसर्ग झाला. कल्चरच्या अहवालाचा फोटो मी येथे स्वयंपाकघरात उभा राहून वाचला. सतरा औषधांची यादी होती आणि अकरा नावांपुढे ‘आर’ हे अक्षर होते, म्हणजे ती औषधे त्या जंतूवर चालणार नव्हती. ती कित्येक वर्षांत रुग्णालयात राहिलेली नव्हती. तो जंतू विहिरीतूनच आला असे मी म्हणत नाही. सात दिवस इंजेक्शने घेऊन ती बरी झाली. मात्र त्या रात्री मला झोप लागली नाही.

येथे वॉटरस्खापचे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जलमंडळाचे, बिल न कुरकुरता भरतो आणि हाउसआर्ट्सने, म्हणजे येथील फॅमिली डॉक्टरने, तीन दिवस पॅरासिटामॉल घ्यायला सांगितले की घरी परततो, हे मी ग्रुपवर लिहिले. जे लिहिले नाही, तेही सांगितले पाहिजे. याच देशात गुराडुकरांना बेसुमार प्रतिजैविके दिली जात होती; २००९ नंतर दहा वर्षांत ती सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाली. डुकरे पाळणारा शेतकरी येथे रुग्णालयात आला, तर तपासणीचा निकाल येईपर्यंत त्याला अजूनही वेगळ्या खोलीत ठेवतात. येथील प्रक्रिया केंद्रांतूनही हे जंतू पूर्ण नाहीसे होत नाहीत. आणि माझ्या बॅगेत दर वर्षी चिपळूणहून चिठ्ठीशिवाय घेतलेली ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची पट्टी असे, कारण हाउसआर्ट्स ती देणार नाही हे मला ठाऊक होते. भावांना शिकवताना मी हे लपवले.

‘दादा, तू आता तिकडचा झालास,’ असेही त्या चर्चेत कोणी लिहिले. उत्तर द्यायला मला चार दिवस लागले. तो शोषखड्डा माझ्याच वाटणीच्या घराचा आहे. डिसेंबरात पंधरा दिवसांसाठी येतो आहे. नवी बंदिस्त टाकी विहिरीच्या उताराला, खालच्या अंगाला बांधण्याविषयी गवंड्याशी बोलणे झाले आहे. केंद्राचा विषय ग्रामसभेत पुन्हा घ्यावा, असे पत्र मी सरपंचांना पाठवले आहे आणि त्याखाली पत्ता वाडीचाच लिहिला आहे.