लॅक्टेट ६ आलं, म्हणून आशा सोडायची?

‘एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळाचं रक्त तपासलं की ते जगणार की नाही हे लगेच कळतं. लॅक्टेट ४च्या वर किंवा प्लेटलेट ५० हजारांखाली म्हणजे आशा संपली. डॉक्टर सांगत नाहीत, रोज सगळे मार्कर (रक्तातले असे आकडे) मागा.’ हा मेसेज सध्या फिरतोय. नात काचेच्या पेटीत असताना आजोबा तो रिपोर्टशेजारी धरून बघतात, म्हणून लिहायला बसलो.

आधी लॅक्टेट, म्हणजे रक्तातला एक पदार्थ. शरीराला ऑक्सिजन कमी पडला की ते वाढतं आणि तासन्‌तास चढंच राहिलं तर आम्हा डॉक्टरांनाही घोर लागतो, एवढं खरं. पण ते रक्त निघतं कसं? पाऊल गार पडलेलं, टाच टोचली तरी थेंब येत नाही, मग सिस्टर ती पिळतात. पिळलेल्या टाचेतलं लॅक्टेट खोटं जास्त येऊ शकतं. बाळाला नुकते झटके येऊन गेले असतील किंवा ॲड्रेनलिनचं औषध चालू असेल, तरी चढतं. सकाळचं ६ दुपारी ३ वर आलं, तर मी त्या उताराकडे बघतो.

प्लेटलेट कमी असणं वाईटच. पण आकडा वाढवला की बाळ वाचतं का? ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या ६६० बाळांवर हे तपासलं गेलं, २०१९ साली ते छापून आलं. ५० हजारांखाली जाताच प्लेटलेट चढवलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव २६ टक्के. २५ हजारांपर्यंत वाट पाहिलेल्या गटात १९. आकडा सुधारायच्या घाईनं उलट नुकसानच झालं.

‘लगेच कळतं’ म्हणाल, तर संसर्ग ओळखायला रक्तात सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन ही प्रथिनं मोजतात. संसर्ग सुरू झाल्यावर सीआरपी वाढायलाच ६ ते १२ तास जातात. प्रोकॅल्सिटोनिन तर पहिले दोन दिवस धडधाकट बाळातही चढलेलं असतं.

डॉक्टर लपवतात म्हणे! लपवायला ठाम उत्तर हवं ना? क्रिब-२ नावाची धोका मोजायची पद्धत आहे. तीत लिंग, वजन, गर्भाचे आठवडे, दाखल होतानाचं तापमान आणि बेस एक्सेस (रक्तातल्या आम्ल-अल्कलीच्या तोलाचा आकडा) बघतात. पाचांत रक्तातली गोष्ट एकच, आणि तेवढं सगळं जमवूनही हाती येते ती शक्यता.

राहिलं ‘रोज सगळे मार्कर मागा’. एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं ८०-९० मिली. चहाचा कपही धड भरत नाही. त्यातून रोज ३ मिली काढत बसलो, तर आठवड्याभरात पाव हिस्सा रक्त प्रयोगशाळेत गेलेलं असेल आणि मग बाळालाच रक्त चढवायची वेळ येईल.