पोवाड्यातल्या 'जी जी'ला भरताड म्हणण्याआधी

नमस्कार. तुमचे तिन्ही आक्षेप नीट वाचले: शाहीर तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात ओळी आखूड-लांब आहेत, यमकं 'आला-गेला'छाप आहेत, आणि ध्रुपद (पुन्हा पुन्हा येणारी टेकाची ओळ) व 'जी जी' काढले तर काहीच बिघडत नाही. पहिल्या आणि तिसऱ्याशी मी सहमत नाही. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे.

तुम्ही छापलेल्या ओळीच्या मात्रा मोजल्यात. गाणारा मोजतो ती डफावरची आवर्तनं, म्हणजे ठेक्याचे पुन्हा पुन्हा येणारे फेरे. नमुन्यासाठी रचलेल्या या तीन ओळी पाहा:

दोर सोडला खाली
झरझर सेना चढून आली
काळोख दाट, वारा सुसाट, पाऊलवाट घसरट झाली

कागदावर मात्रा भरतात 12, 16 आणि 32. आठ मात्रांचं आवर्तन धरा. 'दोर सोडला' इथे एक पुरं होतं. 'खाली'च्या चार मात्रांपुढे झीलकऱ्यांचं, म्हणजे शाहिरामागे सूर धरणाऱ्या साथीदारांचं, 'जी जी' चार मात्रा भरतं आणि दुसरंही पुरं होतं. दुसरी ओळ जशीच्या तशी बसते. तिसरी दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगाने, म्हटली की तीही दोनच आवर्तनांत मावते, पण शाहिराला दम घ्यायला एक मात्राही उरत नाही. म्हणून तिच्यामागे लगेच ध्रुपद येतं: झीलकरी ते उचलतात, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढचा चौक (कडवं) जुळवतो. ते काढून गाऊन बघा, दुसऱ्या-तिसऱ्या चौकातच ओळींचे शेवट गिळले जातील.

छापील पोथ्यांनी हा घोळ वाढवला, हेही खरं. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह 1891चा. त्यानंतरही पुस्तकांत ध्रुपद एकदाच देऊन पुढे नुसतं 'धृ.' छापायची रीत राहिली, झीलकऱ्यांचे सूर तर बहुधा गळालेच. उरलेला मजकूर ओबडधोबड वाटणारच.

आता यमक. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे 'ला-ली-ले'ची यमकं फुकट मिळतात. तोंडी रचनेत त्यांचा मोठा आधार असतो, पण वीस ओळी तेच चाललं तर कान मिटतो, इथे तुमचं बरोबर आहे. चांगला शाहीर प्रसंग बदलला की यमकही बदलतो. किंवा वरच्या 'दाट-सुसाट-वाट'सारखं आतलं यमक दर आठ मात्रांवर ठेवतो; त्याने आवर्तनाची (दुगुनीत अर्ध्या आवर्तनाची) शीव ऐकू येते आणि क्रियापदाचा कंटाळा झाकला जातो.

खरं भरताड शोधायचं तर ओळीच्या मध्ये शोधा. 'मग', 'तेव्हा', 'तो' असे शब्द जिथे नुसत्या मात्रा भरायला घुसवलेले असतात, तिथे रचना खरोखर ढिली असते. ओळीच्या टोकाला मोकळी जागा असली तर स्वर लांबवता येतो किंवा झील घेता येते. मधल्या फालतू शब्दाला मात्र डफाचा ठोका वाया जातो, आणि पेशवाईतल्या काही पोवाड्यांवर तुम्ही हा आरोप केलात तर मी तो खोडणार नाही.