रुपयाचा भाव बांधून टाकला की प्रश्न सुटेल?

रुपया घसरला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: १९४७ साली एक डॉलर एका रुपयाला मिळत असे, पुढे राज्यकर्त्यांच्या नाकर्तेपणामुळे रुपया घसरत गेला, आजही रिझर्व्ह बँकेने मनावर घेतले तर डॉलरचा भाव कायमचा बांधता येईल आणि परदेशी भांडवल निर्धास्तपणे भारतात येईल.

पहिले विधान साध्या भागाकाराने निकालात निघते. त्या काळी रुपया पौंडाशी १ शिलिंग ६ पेन्स या दराने बांधलेला होता, म्हणजे पौंडाला १३.३३ रुपये पडत, पौंड ४.०३ डॉलरचा होता. त्यामुळे डॉलर सुमारे ३ रुपये ५ आण्यांना पडे (दशमान पैसे १९५७ मध्ये आले, म्हणून आणे).

दुसऱ्या विधानात सोयीने गाळलेली गोष्ट अशी की, १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ रुपयांवर गेला आणि ६ जून १९६६ रोजी तो एकदम ७.५० रुपयांचा झाला, या दोन्ही वेळी भाव सरकारने बांधलेलाच होता. बांधलेला भाव घसरण टाळतोच असे नाही. बहुधा ती साचवून ठेवतो.

खरा धोका तिसऱ्या विधानात आहे, कारण भांडवलाचा निर्धास्तपणा हाच थायलंडला नडला. तेथे १९८४ पासून डॉलर २५ बाथच्या (बाथ हे तेथील चलन) आसपास स्थिर होता आणि १९९३ नंतर परदेशी कर्जे घेणे अधिक सोपे झाले, तेव्हा विनिमयाची जोखीम उरलीच नाही असे समजून कंपन्यांनी कमी व्याजाची डॉलर कर्जे काढली व त्यातील बराच पैसा बँकॉकच्या इमारतींत ओतला. बाथ पडेल या अंदाजाने सट्टेबाजांचे बाथवर हल्ले सुरू झाल्यावर तेथील मध्यवर्ती बँकेने वायदा बाजारात, म्हणजे पुढच्या तारखेला देण्याच्या कराराने, एवढे डॉलर विकले की कागदावर दिसणारी गंगाजळी प्रत्यक्षात आधीच बांधली गेली होती. २ जुलै १९९७ रोजी भाव सोडून द्यावा लागला. जानेवारी १९९८ मध्ये डॉलर ५० बाथच्या वर होता, आणि बाथमध्ये कमावून डॉलरमध्ये कर्ज फेडणाऱ्यांचे देणे दुपटीवर गेले होते.

स्थिर भाव, भांडवलाला मुक्त वाट आणि स्वतःच्या हातातले व्याजदर यांपैकी दोनच गोष्टी एका वेळी टिकतात. हाँगकाँगने १९८३ पासून अमेरिकी डॉलरचा भाव ७.८ हाँगकाँग डॉलरच्या आसपास राखला आहे, पण त्यासाठी व्याजदर अमेरिकेच्या मागे न्यावे लागतात. शेतकऱ्यापासून गृहकर्जदारापर्यंत सर्वांचे व्याज वॉशिंग्टनमध्ये ठरावे, हे मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना मान्य आहे काय?

घसरणीने तेल आणि परदेशी शिक्षण महागते, ही तक्रार मात्र रास्त आहे, आणि रिझर्व्ह बँक हातावर हात ठेवून बसते असेही नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांपुढे गेला, तेव्हा तिने भाव बांधला नाही. बँकांनी अनिवासी भारतीयांकडून तीन वर्षांसाठी आणलेले डॉलर तिने वर्षाला ३.५ टक्के दराने अदलाबदल करून घेतले, म्हणजे डॉलर घेऊन रुपये दिले आणि मुदतीअंती डॉलर परत देण्याची हमी दिली, जो दर बाजारापेक्षा बराच कमी होता आणि ज्याचा भार तिने स्वतः उचलला.