मोडीचा रुमाल रद्दीत घालण्यापूर्वी

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या आमच्या मामांनी गेल्या आठवड्यात घरातल्या मोडी लिपीतल्या जुन्या कागदांची मोबाइलवर छायाचित्रे काढली आणि मूळ रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, रद्दीवाल्यासाठी दाराशी नेऊन ठेवला. निमित्त होते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणाऱ्या संदेशाचे: कृत्रिम बुद्धिमत्ता आता कोणताही मोडी कागद अचूक वाचते, म्हणून मोडी वाचक, अभिलेखागारे आणि जुने कागद या तिन्हींची गरज संपली.

यातले अर्धे सत्य नाइलाजाने मान्य करतो. मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली आयआयटी रुरकीने २०२५ मध्ये खरोखरच मांडली आहे. मात्र तिच्यासाठी जमवलेल्या संचात २,०४३ प्रतिमा आहेत आणि त्यांची लिप्यंतरे जाणकारांनी तपासलेली आहेत. म्हणजे ज्या मोडी वाचकांना संदेश घरी बसवतो, त्यांच्याच जिवावर यंत्र शिकले. आणि शतकानुशतकांच्या दप्तरांपुढे दोन हजार प्रतिमा म्हणजे एखाद्या कपाटाचा कोपराही नव्हे.

‘अचूक’ या शब्दाचा मात्र मला खरा राग आहे. मोडीत ओळ सलग चालते, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. तिथे निम्मे वाचन संदर्भावर चालते. मामांच्या रुमालातल्या एका पत्रावर ‘सन समान सितैन मया व अलफ’ असा काळ आहे. मराठेशाहीच्या कागदांत अरबी संख्याशब्दांनी लिहिल्या जाणाऱ्या शुहूर सनात ‘समान’ म्हणजे आठ; आठ, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६८, म्हणजे इसवी सन १७६७-६८, नागपूरकर जानोजी भोसल्यांची कारकीर्द. मी तेच छायाचित्र एका ॲपला दिले, तेव्हा त्याने ‘त्याच वर्षी’ असा अर्थ लावून पुढचा मजकूर गुळगुळीत मराठीत लिहून दिला. अडखळत वाचणारा माणूस निदान अडखळल्याचे दिसते. इथे चूकही इतकी सफाईदार होती की मोडी न येणाऱ्या मामांनी ती खरी मानलीच असती, आणि पत्राचा सनच नाहीसा झाला असता.

अभिलेखागारे नकोत, या मुद्द्यावर फार लिहीत नाही. चॅटबॉट अस्तित्वातच नसलेल्या कागदपत्रांचे संदर्भ रचून देतात, अशी जाहीर सूचना आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या अभिलेखागाराला २०२५ मध्येच द्यावी लागली. असा संदर्भ खोटा आहे, हे सांगायलाही मूळ दप्तर आणि ते सांभाळणारा माणूस लागतोच.

राहिला मूळ कागद टाकून देण्याचा सल्ला. उद्या अधिक चांगले यंत्र आले तर त्याला वाचायला काय देणार? मामांच्या निम्म्या छायाचित्रांत ट्यूबलाइटचा झोत आहे, काहींत त्यांचाच अंगठा, आणि कागदांच्या पाठी तर त्यांनी टिपल्याच नाहीत. रुमाल सध्या माझ्या कपाटात आहे. मामा तो रविवारी परत मागणार आहेत, तोवर पाठीवरच्या नोंदी उतरवून घेण्याचे काम चालू आहे.