6.6 म्हणजे नक्की किती टक्के?

भाचीचा भारतातून फोन आला तेव्हा इथे अमेरिकेत पहाटेचे साडेपाच वाजले होते. इतक्या अवेळी ती कधी फोन करत नाही, म्हणून छातीत धस्स झालं. पण प्रश्न वेगळाच होता. "मावशी, 6.6 म्हणजे किती टक्के लिहू गं?"

एका नोकरीचा ऑनलाइन फॉर्म ती भरत होती. त्यात 'पदवीची टक्केवारी' असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. अट होती किमान 60 टक्क्यांची. हिच्या गुणपत्रिकेवर टक्केवारी छापलेलीच नाही. सहा सेमिस्टरचे एसजीपीए, म्हणजे त्या-त्या सेमिस्टरची ग्रेडची सरासरी, आणि शेवटी सगळ्यांची मिळून सीजीपीए 6.6, एवढंच. मैत्रिणींनी तिला तीन सूत्रं सांगितली होती. उशाशी पडलेल्या पाकिटावर मी तिन्ही गणितं मांडली. थेट दहाने गुणलं तर 66. साडेनऊने गुणलं तर 62.7. पाऊण वजा करून दहाने गुणलं तर 58.5. दोन सूत्रांनी मुलगी पात्र, तिसऱ्याने अपात्र. पेपर तेच, उत्तरं तीच, मुलगीही तीच.

ही सूत्रं कुठून आली तेही पाहण्यासारखं आहे. साडेनऊचा गुणक सीबीएसईने दहावीच्या सीजीपीएसाठी दिला होता. पदवीशी त्याचा काडीचा संबंध नाही, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पाढ्यासारखा सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. पाऊण वजा करण्याची रीत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यातली. त्यात 6.25 म्हणजे 55 टक्के आणि 6.75 म्हणजे 60 टक्के धरलेत. शिवाय काही विद्यापीठांची स्वतःची सूत्रं आहेत, आणि तीही अभ्यासक्रम बदलला की बदलतात.

मी गेली सतरा वर्षं अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात विद्यार्थ्यांची शैक्षणिक सल्लागार आहे. मुलांच्या ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे इथल्या गुणपत्रिका, वाचणं, त्यांनी पुढच्या सेमिस्टरला काय घ्यावं, काय सोडावं, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवणं, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे तिकडचा, भारतातला, 'ग्रेड की टक्के' हा वाद कानावर आला की मला स्वस्थ बसवत नाही. माझी एक जुनी मैत्रीण तिकडे महाविद्यालयात शिकवते. तिचं ठाम मत आहे की टक्केवारीच परत आणावी. "61 मिळवणारा आणि 69 मिळवणारा एकाच ग्रेडमध्ये बसतात, हा आठ गुणांच्या कष्टांवर अन्याय नाही का?" असं ती विचारते. दुसरीकडे तिकडचेच काही जण म्हणतात की अमेरिकेसारखी ग्रेड आपण घेतली, आता मागे कशाला वळायचं? मला दोघांशीही भांडायचं आहे.

आधी मैत्रिणीशी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी एका पेपरचं पुनर्मूल्यांकन मागितलं आणि माझे 11 गुण वाढले. तेव्हा आनंदाने नाचले. आज वाटतं, एकाच उत्तरपत्रिकेत दोन परीक्षकांमध्ये 11 गुणांचा फरक पडत असेल, तर 61 आणि 69 मधल्या आठ गुणांवर कुणाचं आयुष्य कसं तोलायचं? ग्रेड यासाठीच आली. पेपर तपासणारा माणूस आहे, त्याच्या मापाला तेवढी धार नाही, हे ग्रेडने प्रामाणिकपणे कबूल केलं. म्हणून ती मुद्दाम ढोबळ ठेवलेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 मध्ये दिलेल्या आराखड्यात दहाच्या मापावर ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, नुसता पास 4 आणि नापास शून्य, अशा मोजक्या पायऱ्या आहेत. आणि मग आपण काय केलं? या पायऱ्यांची सरासरी काढली, ती सूत्रात घातली आणि 58.5 असा दशांशातला टक्का पुन्हा बाहेर काढला. जी बारकाई खरी नव्हती म्हणून टाकून दिली, तीच मागच्या दाराने घरात घेतली, आणि आता तर ती उत्तरपत्रिकेतूनसुद्धा आलेली नाही. ती आली आहे नुसत्या गुणाकारातून.

सीजीपीएचा हिशेब स्वतः सोपा आहे, तरी त्यात भले भले चुकतात. प्रत्येक विषयाच्या ग्रेडचा अंक त्या विषयाच्या क्रेडिटने, म्हणजे त्याला दिलेल्या वजनाने, गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायची. चार क्रेडिटच्या गणितात सी मिळाला (5) आणि एका क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये ओ (10), तर सरासरी साडेसात येत नाही. वीस अधिक दहा म्हणजे तीस, भागिले पाच, म्हणजे 6. अमेरिकेतही रीत हीच, फक्त माप चारचं: ए म्हणजे 4, बी 3, सी 2, डी 1, एफ शून्य. ए मायनसला बहुतेक ठिकाणी 3.7 आणि बी प्लसला 3.3. तेही सगळीकडे नाही. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीचं माप पाचाचं आहे. ब्राउन विद्यापीठ तर जीपीए, म्हणजे ही सरासरी, काढतच नाही, आणि नापास झालेल्या विषयाची नोंद बाहेर जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर ठेवत नाही.

मग इतक्या वेगवेगळ्या मापांची इथे गल्लत का होत नाही? खरा मुद्दा इथेच आहे, आणि 'अमेरिकेची ग्रेड घेतली' म्हणणाऱ्यांनी नेमकं तेच घेतलं नाही. ज्याला आकडे एका मापात हवे असतात, तो ते स्वतः आणतो. वैद्यकीय शिक्षणाचं उदाहरण घ्या. इथल्या बहुतेक एम.डी. (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) महाविद्यालयांचे अर्ज 'ॲम्कास' नावाच्या एकाच केंद्रीय सेवेमार्फत जातात. विद्यार्थी आपले विषय आणि ग्रेड भरतो, कॉलेज मूळ ट्रान्सक्रिप्ट पाठवतं, ती सेवा एकेक ओळ ताडून पाहते आणि सर्वांचा जीपीए आपल्या एकाच नियमाने नव्याने काढते. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा वेगळा, बाकीच्यांचा वेगळा. एखादा विषय दोनदा घेतला असेल तर दोन्ही वेळच्या ग्रेड धरते, मग कॉलेजने पहिली पुसली असली तरी. नियम कडक आहे. तो मला नेहमीच न्याय्य वाटतो असंही नाही. पण तो सगळ्यांना एकच आहे, आधी छापलेला आहे, आणि हिशेबाचं ओझं मागणाऱ्याच्या डोक्यावर आहे. बाविसाव्या वर्षी पहिल्या नोकरीचा फॉर्म भरणाऱ्या मुलीला कुणी म्हणत नाही, की तूच सूत्र निवड आणि चुकलीस तर खोटी माहिती दिली म्हणून तुलाच धरू.

आपल्याकडे धोरण आखणाऱ्यांचीही सवय सुटलेली नाही. चार वर्षांच्या नव्या पदवीचा आराखडा आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये आणला. 160 क्रेडिट, मिळवलेले क्रेडिट जमा ठेवणारी बँक, मधूनच बाहेर पडण्याची आणि परत येण्याची मुभा. पण संशोधनासह ऑनर्स करायचं तर अट काय? पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के! सगळी इमारत क्रेडिट आणि ग्रेडची, आणि वरच्या मजल्याच्या दाराला कुलूप टक्क्यांचं.

ग्रेड देतं कोण, यातही दोन्हीकडे जमीनअस्मानाचा फरक आहे. इथे जो शिकवतो तोच प्रश्नपत्रिका काढतो, तोच तपासतो, आणि पहिल्याच तासाला मुलांच्या हातात कागद देतो: गृहपाठाला वीस टक्के, दोन मिडटर्मना वीस-वीस, फायनलला चाळीस. तिकडे संलग्न महाविद्यालयात शिकवणारा एक, पेपर काढणारा दुसरा, तपासणारा तिसरा. इंटर्नलचे गुण तेवढे शिकवणाऱ्याच्या हातात, आणि त्यांच्यावर कुणाचाच फारसा विश्वास नाही. मैत्रिणीचं खरं दुखणं इथे आहे, हे मला ठाऊक आहे. ती म्हणते, "मी वर्षभर ज्या मुलीला पाहिलं, तिच्याबद्दल माझ्या शब्दाला किंमत शून्य." तिला मी पूर्ण मानते. पण टक्केवारी परत आणून तो शब्द तिला परत मिळणार नाही.

इकडे सगळं आलबेल आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. हार्वर्डमध्ये सर्वांत जास्त वेळा दिली जाणारी ग्रेड ए होती आणि मध्यक (क्रमाने लावल्यास मधोमध येणारी ग्रेड) ए मायनस, हे 2013 मध्ये तिथल्या डीननीच प्राध्यापकांच्या बैठकीत सांगितलं. प्रिन्स्टनने 2004 मध्ये ए-वर्गाच्या ग्रेड 35 टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचं धोरण आणलं आणि दहा वर्षांनी मागे घेतलं. इतर विद्यापीठांतल्या मुलांच्या तुलनेत आपण मागे पडतो, अशी तिथल्या मुलांना भीती होती. कॉर्नेलने विषयवार मध्यक ग्रेड जाहीर करायला सुरुवात केली, ती कुणाची ए किती कष्टाची हे कळावं म्हणून. पण मुलं सढळ हाताने ग्रेड देणाऱ्या विषयांकडे वळली, हे पुढे अभ्यासात दिसलं. माझ्या टेबलासमोर तर हे रोज दिसतं. ज्याला संख्याशास्त्राची खरी गरज आहे तो मुलगा शिष्यवृत्तीसाठी 3.5 टिकवायचा म्हणून ते टाळतो आणि त्याला काहीही शिकवणार नाही असा विषय घेतो. मी समजावते. अर्ध्या वेळा हरते.

गेल्या वर्षी एक मुलगा आला. दोन वर्षं संपली होती, 60 क्रेडिट झाले होते, जीपीए 2.4. पुढच्या शिक्षणासाठी त्याला 3.0 हवा होता. मी कागद पुढे ओढला. साठ गुणिले 2.4 म्हणजे 144. पदवीला 120 क्रेडिट, तेव्हा 3.0 साठी हवेत 360. उरले 216, तेही साठ क्रेडिटमध्ये. म्हणजे उरलेली दोन्ही वर्षं 3.6. "आणि सगळ्या विषयांत बी मिळवला तर?" त्याने विचारलं. तर 2.7. तो बराच वेळ त्या 2.7 कडे बघत राहिला. मग मी त्याचीच ट्रान्सक्रिप्ट उलटी करून त्याच्यासमोर ठेवली. पहिलं वर्ष 1.9, दुसरं 2.9. पहिल्या वर्षी तो रात्रपाळी करत होता. सरासरीने ते वर्ष त्याच्या पाठीवर कायमचं लादलं होतं आणि दुसऱ्या वर्षीची चढण पार झाकून टाकली होती. त्याच्या शिफारसपत्रात मी 2.4 लिहिलं नाही, हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले.

म्हणून मला तिकडे 'ग्रेड की टक्के' हा वादच चुकीच्या जागी अडकलेला वाटतो. डार्टमथ कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर विद्यार्थ्याच्या ग्रेडशेजारी त्या वर्गात किती मुलं होती आणि वर्गाची मध्यक ग्रेड काय होती, हे छापतात. अगदी लहान वर्ग तेवढे वगळतात. यात जास्तीचा खर्च तो काय? परीक्षा विभागाकडे ही माहिती आधीच असते. आपल्या गुणपत्रिकेवर हे दोन रकाने आले, तर ज्या वर्गात निम्म्यांना ओ मिळाला तिथला ओ आणि ज्या वर्गात बी प्लस हीच मोठी गोष्ट होती तिथला बी प्लस, दोन्ही वाचणाऱ्याला कळतील. आणि नोकरीच्या फॉर्मवर 'टक्केवारी' ऐवजी 'सीजीपीए, किती पैकी' असे दोन रकाने हवेत. ज्याला कटऑफ लावायचा त्याने तो सीजीपीएमध्ये लावावा आणि जाहिरातीतच लिहावा. एटीकेटी किती, बॅकलॉग किती हे विचारायला या कंपन्यांना बरोबर सुचतं. मग मापाचा प्रश्न विद्यार्थ्यावर का ढकलतात?

भाचीला मी 66 लिहायला सांगितलं नाही, 58.5 सुद्धा नाही. तिच्या विद्यापीठाकडे रूपांतराचा अधिकृत दाखला माग म्हटलं. तिने त्याच दिवशी अर्ज दिला. दाखल्याला तीन आठवडे लागतील असं खिडकीवर सांगितलं. फॉर्मची मुदत या शुक्रवारी संपते. मग आम्ही दोघींनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं, सहाही सेमिस्टरच्या गुणपत्रिका जोडल्या आणि एवढंच विचारलं, की आपण कोणतं सूत्र धरता ते कृपया कळवावं. चार दिवस झाले. ती रोज रात्री झोपण्याआधी मला एकच शब्द पाठवते, "अजून नाही."